सकळ लिपीचें कुलूप

नागपूर जिल्ह्यांतील नरखेड तालुका संत्र्यांच्या बागांमुळें सर्वांच्या परिचयाचा आहे. या तालुक्यांतील मोवाड हें गांव वर्धा नदीच्या कांठीं वसलेलें असून नदी ओलांडली कीं अमरावती जिल्हा लागतो. तेथून वरूड व मोर्शी हीं गांवें मागें टाकून पुढें गेलें म्हणजे रिद्धपूर येतें. नरखेडहून अमरावतीकडे जाणारा लोहमार्गहि याच मुलखांतून जातो. आज हा प्रवास अर्ध्या दिवसाचाहि नाहीं. साडेसातशें वर्षांपूर्वीं याच रिद्धपुरास मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ सिद्ध झाला, आणि पाऊणशें वर्षांच्या आंतबाहेर त्या ग्रंथास व त्याच्या भावंडांस अक्षरांचें कुलूप लागलें. त्या कुलुपाची हकीकत आजच्या एका वादावर बराच प्रकाश पाडणारी आहे, म्हणून ती वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तो वाद म्हणजे चोरट्या नकलांचा. संगणकाच्या आज्ञावली, चित्रपट, गाणीं, पुस्तकें, यांची प्रत काढणें हल्लीं इतकें सोपें झालें आहे कीं कर्त्याच्या व प्रकाशकाच्या हातीं पडावयाचा पैसा वाटेंतच नाहींसा होतो. त्यावर उपाय म्हणून उत्पादक आपल्या मालास नानाप्रकारचीं कुलुपें लावतात, कोणी तरी तीं मोडतो, मग अधिक मजबूत कुलूप येतें, तेंहि मोडतें. हा खेळ संगणकाच्या युगांतच सुरू झाला अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु नक्कल रोखण्यासाठीं मजकूर गूढ करून ठेवण्याचा प्रयोग आपल्याच भाषेंत, आपल्याच शेजारीं, फार पूर्वीं झालेला आहे. आणि त्याचा शेवट काय झाला हेंहि आपणांस ठाऊक आहे.

श्रीचक्रधरस्वामींनीं इ. स. १२७४ च्या सुमारास महाराष्ट्राचा निरोप घेतल्यावर त्यांचे शिष्य रिद्धपुरीं श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध राहूं लागले. त्यांत म्हाइंभट नांवाचे एक विद्वान पुरुष होते. स्वामींना ज्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें, त्यांचे शब्द ज्यांनीं आपल्या कानांनीं ऐकिले, अशा माणसांना भेटून, कोण, कोठें, कोणत्या प्रसंगीं काय बोललें याची कसोशीनें चौकशी करून त्यांनीं इ. स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र तयार केलें. त्यांतील वाक्यें लहान, बोलकीं व नेटकीं आहेत. शेतकरी, वाणी, गुराखी, भिक्षुक, बायामाणसें अशीं यादवकालीन महाराष्ट्रांतील सर्व थरांचीं माणसें त्यांत आपापल्या भाषेंत बोलतात.

ग्रंथ मराठींत झाला यामागें पंथाचा एक ठाम निश्चय होता. केशिराजबास हे संस्कृताचे मोठे पंडित; त्यांचा कल संस्कृत रचनेकडे होता. स्मृतिस्थळांत असें सांगितलें आहे कीं, पंथाचे आचार्य नागदेव यांनीं त्यांस अडविलें, कारण संस्कृतांत लिहिल्यास त्यांच्या म्हाताऱ्या बाया त्या ज्ञानास मुकतील. आद्य मराठी कवयित्री म्हणून जिचा मान आहे ती महदाइसा याच मेळ्यांतली. ज्ञान दाराबाहेर उभ्या असलेल्यांस मिळावें म्हणून ज्यांनीं लोकभाषा जवळ केली, त्यांच्याच वारसांनीं पुढें त्या लोकभाषेवर कुलूप घातलें, ही गोष्ट नीट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

कुलूप कां घातलें हें समजण्यासाठीं दोन प्रसंग पाहिले पाहिजेत. पहिला प्रसंग नरेंद्र कवीचा. इ. स. १२९२ च्या सुमारास त्यानें रुक्मिणीस्वयंवर रचिलें. परंपरा अशी आहे कीं, देवगिरीचा राजा रामदेवराय तें ऐकून इतका प्रसन्न झाला कीं, काव्यावर कवीच्या जागीं आपलें नांव घालावें म्हणून त्यानें द्रव्य देऊं केलें. कवीनें तें नाकारलें. काव्याची पोथी मात्र त्याच्या हातून गेली, आणि जेवढ्या ओव्या स्मरणांत राहिल्या तेवढ्याच जगाच्या हातीं आल्या. म्हणून तें काव्य अपुरें राहिलें असें सांगतात. ग्रंथ दुसऱ्यानें उतरून घेणें आणि ग्रंथावरचें नांव दुसऱ्यानें घेणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें त्या कवीस पक्कें समजत होतें. नांव विकावयास तो तयार नव्हता. आणि काव्य जें कांहीं वांचलें तें मनांतील नकलेमुळें वांचलें.

दुसरा प्रसंग याहून मोठ्या हानीचा. देवगिरीच्या राज्यावर खिलजींच्या स्वाऱ्या होऊं लागल्या त्या धामधुमींत, पंथाच्या ग्रंथांत जिला खालशाची धाड म्हटलें आहे त्या संकटांत, लीळाचरित्राची मूळ प्रत नाहींशी झाली असें परंपरा सांगते. मग ज्यांना तें मुखोद्गत होतें त्यांनीं आपापल्या आठवणीप्रमाणें तें पुन्हा लिहून काढलें. हिराइसा नांवाच्या बाईच्या पाठांतरावरून सिद्ध झालेला पाठ यांत विशेष प्रसिद्ध आहे. परशरामबास, रामेश्वरबास इत्यादींच्या नांवांनींहि पाठ चालत आले. एका ग्रंथाचे असे अनेक पाठ झाल्यामुळें पुढें कोणता खरा हा प्रश्न उभा राहिला. एकच प्रत असली तर ती बुडते, आणि पुष्कळ झाल्या तर त्या एकमेकींशीं जुळत नाहींत, हा दुहेरी अनुभव त्या मंडळींनीं एका पिढींत घेतला.

अशा अनुभवानें पोळलेल्या लोकांनीं आपल्या ग्रंथांस जपण्याचा कडक मार्ग शोधिला तर त्यांत नवल नाहीं. इ. स. १३५३ च्या सुमारास रवळोबास यांनीं सकळ लिपी तयार केली असें मानतात. सह्याद्रिवर्णन या काव्याचे कर्ते तेच. ही लिपी म्हणजे कांहीं नवीन अक्षरमाला नव्हे. देवनागरीचींच अक्षरें घेऊन त्यांची आपसांत अदलाबदल करावयाची, एका व्यंजनाच्या जागीं दुसरें लिहावयाचें, कांहीं ठिकाणीं निराळ्या खुणा वापरावयाच्या, असा हा प्रकार आहे. पोथी उघडणाऱ्यास अक्षरें ओळखीचीं दिसतात, परंतु त्यांतून शब्द उमटत नाहीं. पुढें सुंदरी, पारमांडल्य, अंकलिपी, शून्यलिपी अशा आणखीहि सांकेतिक लिपी पंथांत निघाल्या. या लिपींचा हेतु काय याविषयीं अभ्यासकांत एकमत नाहीं. परकीयांच्या व विरोधकांच्या दृष्टीपासून पवित्र वचनें दूर ठेवावीं, अनधिकाऱ्यानें तीं उतरून घेऊं नयेत, त्यांत भर घालूं नये, अशीं कारणें सांगितलीं जातात. कांहीं असो, परिणाम असा झाला कीं पोथी कोणाच्या हातीं पडली तरी ती वाचणें, आणि समजून उतरणें, हें पंथांतील जाणत्या मंडळींपुरतेंच राहिलें.

आतां या कुलुपाची ताकद किती होती तें पाहूं. गूढलेखनाच्या शास्त्राप्रमाणें पाहिलें तर ती अगदींच थोडी होती. ज्या लेखनांत एका अक्षराऐवजीं नेहमीं दुसरें एक ठराविक अक्षर येतें, तें लेखन उकलण्याची रीति बगदाद येथील अल्-किंदी या पंडितानें नवव्या शतकांतच लिहून ठेविली होती. प्रत्येक भाषेंत कांहीं अक्षरें वारंवार येतात व कांहीं क्वचित् येतात. गूढ मजकुरांत कोणतें चिन्ह किती वेळां आलें तें मोजावें, म्हणजे कोणत्या चिन्हाखालीं कोणतें अक्षर दडलें आहे हें हळूहळू उमगतें. सकळ लिपी या परीक्षेस उतरणारी नव्हती. तरीसुद्धां ती साडेपांचशें वर्षें टिकली.

ती कशी टिकली? आम्हांस याचें उत्तर लिपींत सांपडत नाहीं. तें माणसांत सांपडतें. सकळ लिपीची किल्ली एकाद्या महंताच्या पेटींत बंद नव्हती. पंथाचा विस्तार वऱ्हाड-खानदेशापासून पंजाबापर्यंत, किंबहुना काबूलपर्यंत झाला. पंजाबांत या पंथास जयकृष्णी म्हणत. मराठी पोथ्या वाचावयाच्या व उतरावयाच्या तर या सर्व ठिकाणच्या मठांत लिपी जाणणारीं माणसें असलीच पाहिजेत. म्हणजे किल्ली पिढ्यान्‌पिढ्या असंख्य हातांत होती. त्यांपैकीं एकानें जरी ती बाहेर सांगितली असती तरी कुलूप उघडलें असतें. बहुतेकांनीं सांगितली नाहीं, कारण ग्रंथाविषयीं त्यांस पूज्यबुद्धि होती, गुरूस दिलेला शब्द होता, आणि बाहेरच्या जगाविषयीं भीति होती. बाहेरच्या जगासहि त्या पोथ्यांची चाड नव्हती. निष्ठा आणि उपेक्षा या दोन पहारेकऱ्यांनीं तें कुलूप राखिलें.

नक्कल रोखणाऱ्या प्रत्येक कुलुपाचा हा मूळचा अडसर आहे. तिजोरीचें कुलूप चोरासाठीं असतें. तिजोरीच्या धन्यास किल्ली मिळते, चोरास मिळत नाहीं. ग्रंथाचें तसें नाहीं. ग्रंथ वाचावयाचा असतो, गाणें ऐकावयाचें असतें. ज्यास ग्रंथ द्यावयाचा त्यासच किल्ली द्यावी लागते, आणि ज्याच्यापासून ग्रंथ राखावयाचा तोहि त्या वाचकांतच कोठें तरी बसलेला असतो. वाचकास किल्ली दिली नाहीं तर ग्रंथ व्यर्थ होतो. दिली तर कुलूप केवळ त्याच्या शब्दावर उभें राहतें. अक्षरांची अदलाबदल कितीहि गुंतागुंतीची केली तरी या अडचणींतून वाट निघत नाहीं.

या बंदोबस्तापासून कांहींच लाभ झाला नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. शेजारीं ज्ञानेश्वरीचें उदाहरण घ्या. ती मोकळी होती. जो येईल तो ती उतरून घेई, म्हणून ती घरोघर गेली. परंतु उतरणाऱ्यांनीं तींत इतके फेरफार केले कीं इ. स. १५८४ मध्यें एकनाथमहाराजांस अनेक प्रती जमवून ती शुद्ध करावी लागली. पुढें कोणी तींत आपली ओवी घालूं नये म्हणून त्यांनीं तसें करणाऱ्यास अमृताच्या ताटांत करवंटी ठेवणारा म्हणून दोष लाविला. एकनाथांचेंहि हें एक प्रकारचें कुलूपच. परंतु तें वाचकाच्या मनास घातलेलें होतें, आणि ग्रंथ सर्वांस खुलाच राहिला. महानुभावांच्या पोथ्यांत मात्र यादवकालीन मराठीचीं रूपें पुष्कळ प्रमाणांत जशींच्या तशीं राहिलीं, आणि भाषेच्या अभ्यासकास तें एक घबाड झालें. हें श्रेय लिपीचें कीं शब्द न् शब्द पवित्र मानून उतरणाऱ्या लेखकांचें? आम्ही तें लेखकांस देतों. लीळाचरित्राचे अनेक पाठ लिपीच्या पडद्याआडहि निराळे राहिलेच. कुलुपानें तो मतभेद मिटविला नाहीं.

लाभाच्या मानानें हानि फार मोठी झाली. पहिली हानि पंथाची. बंद दारामागें काय चाललें आहे हें न कळलें कीं लोक वाटेल तें कल्पितात. महानुभाव या आदरार्थी शब्दापासून मानभाव हें रूप झालें, आणि मानभावी म्हणजे वरून साळसूद व आंतून कपटी असा अर्थ मराठींत रूढ झाला. आजहि आपण तो शब्द सहज वापरतों व त्यामागें एका समाजाची अनेक शतकांची बदनामी आहे हें विसरतों. ज्यांच्या ग्रंथांत अहिंसा व वैराग्य यांवर इतका भर आहे, त्यांच्या नांवाचा असा अर्थ व्हावा याचें एक कारण तरी हें कीं ते ग्रंथ कोणास वाचतां येत नव्हते.

दुसरी हानि सर्व मराठी भाषेची. तेराव्या शतकांत ज्या भाषेंत इतकें सरळ, जिवंत गद्य लिहिलें गेलें, त्या भाषेच्या पुढील लेखकांस तें पाहावयासहि मिळालें नाहीं. बखरी झाल्या, पत्रें लिहिलीं गेलीं, त्यांचें गद्य आपल्या परीनें समर्थ आहे. परंतु म्हाइंभटांचा कित्ता कोणापुढें नव्हता. एकोणिसाव्या शतकांत मराठी गद्य शाळाखात्याच्या क्रमिक पुस्तकांतून व भाषांतरांतून नव्यानें घडूं लागलें, तेव्हां ज्या मंडळींनीं हें काम हातीं घेतलें त्यांस आपल्या घरांतच सहाशें वर्षांचा ठेवा पडून आहे याची वार्ताहि नव्हती. चोर आला नाहीं हें खरें. पण घरच्या वारसासहि कांहीं मिळालें नाहीं.

हें कुलूप विसाव्या शतकाच्या आरंभीं निघालें. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं सकळ लिपीची उकल केली. वि. ल. भावे यांनीं या वाङ्मयाकडे मराठी वाचकांचें लक्ष वेधलें. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनीं पोथ्या शोधून, वाचून १९२५ सालीं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. नागपुरांत ह. ना. नेने यांनीं १९३६ पासून लीळाचरित्राचे भाग छापून बाहेर काढले. पुढें डॉ. वि. भि. कोलते यांनीं जन्मभर या विषयाचा व्यासंग करून १९७८ सालीं त्या ग्रंथाची मोठी संपादित आवृत्ति दिली. यांत पंथाच्या कांहीं महंतांचें साहाय्य होतें ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. त्यांनीं पोथ्या पुढें ठेविल्या नसत्या तर नुसत्या लिपीच्या उकलीनें फारसें साधलें नसतें. कुलूप आंतून व बाहेरून एकाच वेळीं उघडलें गेलें. आज मराठीच्या प्राचीनत्वाची गोष्ट निघाली कीं लीळाचरित्राचें नांव सर्वांच्या तोंडीं येतें.

दरम्यान जगांत छापखाना येऊन चुकला होता, आणि नकलेचा प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहिला होता. पोथी उतरणाऱ्यास महिनोन्‌महिने खपावें लागे. पाठ, कंबर, मान मोडून लिहिलेली ही पोथी तेलापाण्यापासून जपा, मूर्खाच्या हातीं देऊं नका, अशी विनवणी तो शेवटीं करी. त्या श्रमांमुळेंच नकलांस आपोआप आळा बसे. छापखान्यानें तो आळा काढून टाकला, म्हणून कायदा करावा लागला. हिंदुस्थानांत ग्रंथस्वामित्वाचा पहिला कायदा १८४७ सालीं झाला. त्यांत ग्रंथकर्त्याची हयात व तदनंतर सात वर्षें, किंवा प्रकाशनापासून बेचाळीस वर्षें, यांपैकीं जी मुदत मोठी तेवढी त्याचा हक्क राखिला होता. १९१४ च्या कायद्यानंतर स्वतंत्र भारताचा कायदा १९५७ सालीं झाला. हल्लीं ही मुदत ग्रंथकर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षें आहे. कायद्याचें हें कुलूप उघड होतें. तें वाचण्यास कोणासहि अडवीत नसे, परवानगीवांचून छापणाऱ्यास शासन करी, आणि मुदत संपली कीं आपण होऊन गळून पडे. ही शेवटची गोष्ट फार शहाणपणाची होती असें आम्ही समजतों.

संगणक आल्यावर छापखानाहि घरांत आला. १९७६ सालींच बिल गेट्स यांनीं हौशी संगणकवाल्यांस उघड पत्र लिहून, आपली आज्ञावली पैसे न देतां उतरून घेतल्याबद्दल त्यांना बोल लाविला होता. मग उत्पादकांनीं लवचीक तबकड्यांवर मुद्दाम सदोष भाग ठेवून साध्या रीतीनें त्यांची प्रत निघूं नये अशी तजवीज केली; प्रत काढणाऱ्यांनीं तो दोषहि उतरून घेण्याची युक्ति काढली. चित्रपटांच्या डीव्हीडी तबकड्यांवरील मजकूर गूढ केलेला असे व तो उलगडण्याची किल्ली तबकडी चालविणाऱ्या प्रत्येक यंत्रांत असे. १९९९ सालीं नॉर्वेंतील योन योहानसेन या शाळकरी वयाच्या मुलानें व त्याच्या सोबत्यांनीं तें कुलूप उघडणारी आज्ञावली प्रसिद्ध केली. तेथील न्यायालयानें २००३ सालीं त्यास निर्दोष ठरविलें, कारण स्वतः विकत घेतलेली तबकडी पाहण्याचा त्यास हक्क होता. सकळ लिपीचीच ही गोष्ट: किल्ली घरोघर दिली, मग ती गुप्त कशी राहावी? २००५ सालीं सोनी बीएमजी या कंपनीनें तर गाण्यांच्या तबकड्यांतून गिऱ्हाइकाच्या संगणकांत गुपचूप शिरणारी आज्ञावली घातली. तिनें संगणकच असुरक्षित होतो हें उघडकीस आल्यावर तबकड्या परत घ्याव्या लागल्या. पैसे मोजून तबकडी घेणारा प्रामाणिक गिऱ्हाईक या प्रकारांत भरडला गेला.

मराठी मुद्रणास याचा अनुभव अधिक जवळून आला. १९९० नंतरच्या काळांत मराठी अक्षरजुळणी संगणकावर गेली. पुण्यास तयार झालेल्या श्रीलिपीसारख्या अक्षरसंचांबरोबर एक लहानशी खुंटी मिळे. ती संगणकाच्या पाठीमागें खोंचल्यावांचून संच चालत नसे. तिला डाँगल म्हणत. अशा संचांस परिश्रम व पैसा लागला होता, तेव्हां त्यांचें मोल मागणें योग्यच होतें. तरी एकंदर बाजारांत कुलूप मोडलेल्या प्रती फिरत राहिल्याच. याहून त्रासदायक गोष्ट निराळी होती. निरनिराळ्या संचांनीं मराठी अक्षरांस आपापले क्रमांक दिले होते. एका संचांत जुळविलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला कीं रोमन अक्षरांचा व चिन्हांचा काला समोर येई. भाषा मराठी, पण अर्थबोध शून्य. त्या मजकुरास कोणी सकळ लिपी म्हटलें असतें तर तें वावगें झालें नसतें. जगांतील सर्व लिपींस समान क्रमांक देणारें युनिकोड १९९१ सालीं निघालें व त्यांत देवनागरीस जागा मिळाली. त्याचा प्रसार झाल्यावरच मराठी मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर सुखरूप जाऊं लागला. तत्पूर्वीं जुळविलेलीं पुस्तकें व अंक आज उघडावयाचे म्हणजे त्यांस आधीं नव्या क्रमांकांत उतरवून घ्यावें लागतें. अवघ्या तीस वर्षांपूर्वींच्या मराठीस राजवाड्यांची गरज पडावी ही कांहीं भूषणाची गोष्ट नव्हे.

कुलुपें अपुरीं पडतात हें पाहून सरकारनें कायद्याची धार वाढविली. झोपडीदादा, हातभट्टीवाले व धोकादायक व्यक्ति यांना स्थानबद्ध करण्याचा महाराष्ट्राचा १९८१ चा जो कायदा आहे, त्यांत २००९ सालीं चित्रफितींच्या चोरट्या नकला करणारांचाहि समावेश झाला. २०१२ च्या दुरुस्तीनें हक्कभंगाच्या उद्देशानें असें तांत्रिक कुलूप मोडणें हाच स्वतंत्र अपराध ठरला व त्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली. मात्र कायदेशीर कामासाठीं तें उघडण्यास सवड ठेविली. २०२३ सालीं चित्रपटगृहांत बसून पडद्यावरील चित्रपट टिपून घेणाऱ्यास तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व जबर दंड ठरविण्यांत आला. हे कायदे अनावश्यक आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. शेंकडों माणसांच्या श्रमांचा चित्रपट प्रदर्शनाच्या दिवशींच फुकट वाटला गेला तर त्या माणसांच्या पोटावर पाय येतो. मराठी लेखकाचें मानधन आधींच तुटपुंजें. त्याच्या पुस्तकाची प्रत यंत्रावर काढून मित्रमंडळींत वांटणारा सुशिक्षित गृहस्थ आपण साहित्यसेवा करीत आहों असें समजतो, परंतु तो त्या लेखकाच्या पुढच्या पुस्तकाचा घात करीत असतो. नरेंद्र कवीस आपलें नांव जितकें प्रिय होतें तितकाच आजच्या कर्त्यास आपला मोबदला न्याय्य आहे.

परंतु कायदा व यंत्र यांनीं काय साधतें व काय साधत नाहीं, हें नरखेडच्या बागाइतदारास विचारावें. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करतात. ज्या झाडाचा डोळा घेतला त्याचें एकहि फळ कमी होत नाहीं, आणि नव्या झाडास तीच गोडी येते. एक कलम विकत घेतलें कीं त्याच्यापासून शंभर करण्यास कोणी अडवूं शकत नाहीं. प्रत्येक डोळ्यामागें पहारा बसविणें शक्य नसतें. तरीहि रोपवाटिका चालतात, कारण निरोगी मातृवृक्षाचें खात्रीचें कलम योग्य दरानें मिळालें तर शहाणा शेतकरी रस्त्यावरचें रोप घेत नाहीं. चार-पांच वर्षें राबून रोगट झाड हातीं येणें त्यास परवडत नाहीं. चांगली, स्वस्त व सहज मिळणारी अस्सल वस्तु हाच चोरट्या वस्तूवरील मोठा उतारा आहे. गाणीं व चित्रपट माफक वर्गणींत घरबसल्या मिळूं लागल्यापासून पुष्कळ लोक आपण होऊन पैसे देऊं लागले, याचेंहि इंगित हेंच.

शेवटीं एका दुःखद गोष्टीचें स्मरण करणें भाग आहे. ३० जुलै १९९१ रोजीं वर्धेच्या पुरानें मोवाड गांव उद्ध्वस्त केलें व दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. एवढ्या मनुष्यहानीपुढें कागदपत्रांची गोष्ट काढणें बरें दिसत नाहीं. तरी असा पूर आला म्हणजे ज्या घरांत जें एकुलतें एक असेल तें घराबरोबर जातें, हें खरें. खालशाच्या धाडींत लीळाचरित्राचें हेंच झालें. तें परत मिळालें, कारण हिराइसेसारख्यांच्या कंठांत त्याची नक्कल होती, आणि तेथें कोणी कुलूप घातलें नव्हतें.

रिद्धपूर येथें मराठी भाषा विद्यापीठ स्थापन करण्याचा कायदा २०२३ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें केला. ज्या गांवीं म्हाइंभटांनीं माणसें विचारून विचारून ग्रंथ रचिला, त्या गांवीं मराठीचें विद्यापीठ व्हावें हें उचितच झालें. त्यानें सकळ लिपींतील उरलेल्या पोथ्या तर वाचाव्याच. पण आमची आणखी एक विनंति आहे, आणि ती विद्यापीठाइतकीच प्रकाशकांस व ग्रंथकारांच्या वारसांसहि आहे. मराठींतील कितीएक पुस्तकें आज छापून मिळत नाहींत, त्यांचे हक्क कोणाच्या तरी कपाटांत आहेत, आणि हक्क आहे म्हणून दुसऱ्यास तीं उतरवितां येत नाहींत. अशा पुस्तकांची नवी आवृत्ति काढावी. तें जमत नसेल तर निदान ग्रंथालयांस जतनासाठीं प्रती करूं देण्याची लेखी अनुमति द्यावी. साठ वर्षें संपेपर्यंत कागद वाट पाहीलच असें नाहीं.